हात मोडलेल्या कामगाराने फिजिओ कुठे करावी: ईएसआय की घराजवळ?

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात मनगट मोडलं, तर पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मूठ पुरती वळत नाही, पान्हा हातातून निसटतो, खांदाही आखडलेला असतो. कामावर परतायचं तर फिजिओ (फिजिओथेरपी) हवीच.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असेल (पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये), तर आधी त्यांच्या दवाखान्यातच जा. उपचार फुकट, आणि कामावरचा अपघात म्हणून रोजच्या सरासरी मजुरीच्या 90 टक्के भरपाई. पण कारखान्याने अपघाताची नोंद केली आहे का, ते पहिल्याच आठवड्यात बघा. नोंद नसेल तर तीच रजा साध्या आजारपणात ढकलली जाते: 70 टक्के, तेही वर्षाला 91 दिवसच. 'नोंद कशाला, आम्ही बघतो ना' असं सुपरवायझर गोड बोलून सांगतो. ऐकू नका. कागद कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून तरी वाचून घेऊनच सही करा.

ईएसआयची उणी बाजू म्हणजे अंतर. खानापूर, निपाणीहून रोज एसटीने येणं-जाणं जमत नाही. माणूस आठवड्यात कंटाळतो आणि फिजिओ सुटते.

घराजवळचा खासगी फिजिओ तिथे सोयीचा, पण पैसे खिशातून जातात आणि त्याची चिठ्ठी ईएसआयच्या भरपाईला सहसा चालत नाही. शिवाय नुसतं मशीन लावून शेक देत असेल तर दुसरा शोधा. मूठ येते ती तुम्ही स्वतः केलेल्या व्यायामाने. बेळगावात नेहरूनगरला केएलई संस्थेचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. कॉलेजात शिकाऊ मुलं हाताळतात, पण वर शिक्षक असतात आणि मुलांना वेळ असतो.

माझं मत विचाराल तर सर्टिफिकेट आणि तपासणी ईएसआयमध्ये, व्यायाम नीट शिकून रोज तीन-चार वेळा घरी, आणि अडलं तरच खासगी. फिजिओला तुमचं काम मोबाईलवर शूट करून दाखवा. लेथवाल्याला मनगट फिरवायचं असतं, मोल्डिंगवाल्याला वाळूचं फावडं उचलायचं असतं. दोघांना एकच रबरी चेंडू दाबायला देऊन भागत नाही.

ठेकेदाराकडे असाल आणि ईएसआय नसेल, तर उपचाराचा खर्च कायद्याने मालकाचा. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या 25 टक्के मिळतात. त्या हिशेबाला मजुरीची मर्यादा असते, म्हणून युनियनच्या माणसाला सोबत न्या.

'लाइट ड्यूटी', म्हणजे हलकं काम, मिळाली तर लवकर जायला हरकत नाही, घरी बसून हात आणखी आखडतो. मात्र मजुरी घेऊन काम केलेल्या दिवसांची ईएसआय भरपाई मिळत नाही. म्हणून काम कोणतं, किती किलोपर्यंत उचलायचं आणि पगार पूर्ण की अर्धा, हे हजर होण्याआधी लेखी घ्या.