मागे बसणारीचं हेल्मेट: अंबाडा, चष्मा आणि साडीसकट परीक्षण

२०२१ च्या पंधरा ऑगस्टला आमच्या नाशिकात ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ सुरू झालं आणि घरात एक नवं हेल्मेट आलं. अर्थात ह्यांच्यासाठी. पंपावरचा मुलगा चालवणाऱ्याचं डोकं बघायचा. मागे भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या डोक्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. माझं हेल्मेट मी यंदा घेतलं, स्वतःच्या पेन्शनमधून, आणि उन्हाळा-पावसाळा दोन्ही त्यात काढल्यावर हे लिहिते आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हेल्मेट डोक्यावर चढवून घ्यायची वस्तू आहे. माझ्या डोक्याला बसलं म्हणून तुमच्या बसेलच असं नाही. भुवयांच्या जरा वरून टेप फिरवली तर माझं माप ५६ सेंटिमीटर येतं. प्रकार ओपन फेस, म्हणजे हनुवटी उघडी आणि समोर काच. हनुवटी वाचवायची तर फुल फेसच घ्यावं, हे मलाही कळतं. पण ते चढवताना चष्मा काढा, मग आतून काड्या सरकवा, आणि पन्नाशीनंतर अचानक अंगातून वाफ निघायला लागली की जीव नको होतो. रोज घातलं जाईल ते घ्यावं असं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, “मागेच बसायचंय ना ताई? मग हे टोपीवालं न्या, हलकं आहे, तीनशेत देतो.” मागे बसणाऱ्याचं डोकं रस्त्यावर जरा बेतानेच आपटतं, अशी त्याची समजूत असावी. त्या टोपीवर ISI ची खूण नव्हती. तशी खूण नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला १ जून २०२१ पासून देशात बंदी आहे, तरी मुंबई नाक्याकडे जाताना पदपथावर चळत लावलेली दिसते. खूण असली तरी तिच्या वर IS 4151 हा हेल्मेटच्या मानकाचा नंबर आणि खाली लायसन्स नंबर आहे का बघा. तो लायसन्स नंबर ‘बीआयएस केअर’ नावाच्या ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. मी दुकानातच टाकून पाहिला. दुकानदाराचा चेहरा पडला, पण नंबर खरा निघाला. १,१५० रुपये दिले.

आता मुख्य मुद्दा, अंबाडा. हेल्मेट बनवणाऱ्यांनी मागे बसणारी बाई कधी पाहिलीच नसावी. डोक्याच्या मध्यावर अंबाडा असला की हेल्मेट मागून उचललं जातं, कपाळावर उंच बसतं आणि मागच्या कडेला हात लावून पुढे ढकललं की सरळ निघून येतं. पट्टा बांधलेला असूनही! दुकानात हे जरूर करून बघा. पडल्यावर तेच होणार. क्लचर तर आत ठेवूच नका. कडक प्लॅस्टिकचे दात आणि डोकं यांच्यात दुसरं काहीच नसतं. केसांच्या आकड्यांचंही तसंच. मी आता मानेवर, हेल्मेटच्या कडेखाली येईल असा सैल अंबाडा घालते, नाहीतर सरळ वेणी. लग्नाला जायचं असेल तर गजरा पर्समध्ये आणि केस हॉलवर पोचल्यावर. आतलं अस्तर निघतं आणि धुता येतं, हे या हेल्मेटचं मोठं पुण्य. खोबरेल तेल लावणाऱ्या बाईला ते किती उपयोगी आहे, हे खोक्यावर छापायला हवं होतं.

चष्म्याला त्रास नाही. हेल्मेट आधी, चष्मा नंतर. काच स्वच्छ आहे, पावसात आतून धूसर होते, तेवढी बोटभर उघडी ठेवावी लागते. बक्कल खट्‌कन बसतं आणि लाल पट्टी ओढली की सुटतं. पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं जातील इतका घट्ट ठेवते. चौकाचौकात पट्टा लोंबकळत ठेवून फिरणारे दिसतात, त्यांनी ते हेल्मेट हँडलला अडकवलं तरी फरक पडणार नाही.

एका बाजूला पाय टाकून बसलं की वेगळीच गंमत. वारा काचेवर समोरून नाही, कडेने येतो आणि सिन्नर रोडला गाडीने वेग घेतला की मान एकीकडे ओढली जाते. ब्रेक लागला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर टक्‌ करून आपटतं. वर “जरा मागे सरक” हेही ऐकून घ्यायचं. म्हणून साडी असेल तेव्हा गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, असा घरात ठराव झालाय. सलवार-कुर्ता असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसते. तेच सगळ्यात बरं. ओढणी मात्र बांधूनच.

साडीवरून आठवलं. मागच्या चाकाचा अर्धा भाग झाकणारं आवरण आणि मागे बसणाऱ्याला धरायला कडी गाडीला असलीच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ व्या नियमात लिहिलेलं आहे. आमच्या भाच्याने गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडीगार्ड काढून माळ्यावर टाकलंय. त्याच्या मागे मी बसत नाही. सांगून झालं.

आता आकडे, कारण “मागे बसणाऱ्याला कशाला?” हे मला शेजारच्या वहिनींपासून सख्ख्या दिरापर्यंत सगळ्यांनी विचारलं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मेले. त्यातले १४,३३७ जण चालवत नव्हते, मागे बसले होते. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि मागचा असा फरक करत नाही, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतं. मुंबईत जून २०२२ पासून मागच्यालाही दंड सुरू झाला. आमच्याकडे मात्र घरात एकच हेल्मेट असलं तर ते ज्याच्या नावाने चलान येतं त्याच्या डोक्यावर जातं. तेवढ्या डोक्याची किंमत चलानाने ठरवून दिलीय.

तोटे: वजन किलोच्या आसपास, पहिला आठवडा मान धरते. बोलणं संपतं. पूर्वी कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंत निम्मा संसार गाडीवर निकाली निघायचा, आता ह्यांना ऐकू येत नाही (किंवा येतं, पण हेल्मेटचं निमित्त सापडलंय). आणि दोन हेल्मेटं ठेवायची कुठे? स्कूटरच्या सीटखाली जेमतेम एक मावतं. दुसरं भाजीबाजारात माझ्या कोपरात अडकवलेलं असतं, त्यात मेथीची जुडी बसते हे कबूल, पण ती सोय कंपनीने केलेली नाही.

एकदा जोरात आपटलं तर बदलायचं, वरून चीर दिसली नाही तरी. आतलं थर्मोकोल मार खाऊन एकदाच दबतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो रंगांसाठी. बायकांच्या मापात फक्त गुलाबी आणि त्यावर फुलपाखरू. मी काळं घेतलं. नणंदेला गडद मरून हवंय, नाशिकात कुठे मिळालं तर दुकानाचा पत्ता कळवा. माप तिचं ५८ आहे.