झेलेंकाचे सहा ट्रिओ सोनाटा, होलिगर आणि मंडळी (ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचा दोन सीडींचा सेट)

ओबोचे, म्हणजे सनईच्या जातीच्या त्या फुंकवाद्याचे चाहते हा सेट ओबोवादक हाइन्झ होलिगरचं नाव बघून घेतात आणि बरोबरच आहे ते, पण माझ्या मते खरी मजा आहे बासूनची, म्हणजे खालच्या सुरांच्या लांब फुंकवाद्याची, आणि ते वाजवणाऱ्या क्लाउस टुनेमानची. दुसऱ्या ओबोवर मोरिस बूर्ग आहे.

संगीतकार यान डिस्मास झेलेंका मूळचा बोहेमियाचा (आजचं चेक प्रजासत्ताक), नोकरी जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात, तिथे तो व्हिओलोने वाजवायचा, म्हणजे तळाचे सूर धरणारं मोठं तंतुवाद्य. हे सोनाटा १७२१-२२ च्या सुमारासचे. त्या काळात अशा रचनांमध्ये साधारण वर दोन वाद्यं गातात आणि खाली कंटिन्युओ आधार देतो, एक जण बास वाजवतो आणि हार्प्सिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) किंवा ल्यूटवाला (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) त्या बासच्या सुरांपाशी लिहिलेले आकडे बघून कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आपल्या मनाने भरत जातो. झेलेंका स्वतःच खालचं वाद्य वाजवणारा, त्यामुळे त्याने बासूनला नुसतं आधाराच्या कामाला जुंपलेलं नाही, ते मधेच बासची ओळ सोडून वर येतं, ओबोची सुरावट उचलतं, त्याला उत्तर देतं आणि परत खाली जातं. एफ मेजर या पट्टीतला पाचवा सोनाटा ऐका, सुरुवातीला सगळे एकाच सुरावटीवर एकत्र येतात आणि मग बासून जे सुटतं ना, टुनेमान इतक्या भरधाव जागासुद्धा इतक्या मोकळ्या वाजवतो की प्रत्येक सूर वेगळा कळतो, कुठे घाई नाही, कुठे गुरगुर नाही. मला तर हे जुगलबंदीसारखं वाटतं, फक्त तिघांची.

ओबोवाल्यांचे मात्र यात हाल आहेत. ओबोच्या बारीक रीडमधून, म्हणजे फुंकायच्या पातीतून, हवा फार कमी जाते, त्यामुळे छातीतली हवा संपत नाही उलट शिळी होऊन साठते, आधी ती बाहेर टाकायची मग नवी घ्यायची, आणि झेलेंका ओळीमागून ओळी लिहीत जातो, श्वासाला जागाच ठेवत नाही! होलिगर गालात धरलेली हवा सोडत सोडत नाकाने श्वास घेण्यासाठी प्रसिद्धच आहे आणि ते कौशल्य इथे कारणी लागलंय, लांबच्या लांब ओळ मधे कुठे तुटल्यासारखी वाटत नाही. याच चौघांनी, म्हणजे होलिगर, बूर्ग, टुनेमान आणि हार्प्सिकॉर्डवर क्रिस्टियान जाकोते, हेच सोनाटा आधी सत्तरच्या दशकात आर्काइव्ह या रेकॉर्ड लेबलसाठी वाजवले होते, आणि झेलेंका आज इतक्या लोकांना माहीत आहे त्यात त्या रेकॉर्डचा मोठा वाटा आहे. ईसीएमवाल्यात ल्यूटही आहे, सोनाटांच्या संथ भागांमध्ये तो फार सुंदर लागतो.

तिसऱ्या सोनाटात एका ओबोच्या जागी व्हायोलिन येतं, थॉमस झेटमायर वाजवतो, छान आहे.

खटकलं ते एवढंच की ओबो आणि बासून आधुनिक बनावटीचे आहेत, भरपूर चाव्यांचे, त्यामुळे सगळे सूर एकसारखे चकचकीत येतात. बरोक, म्हणजे झेलेंकाच्या काळातल्या, ओबोला दोन-तीनच चाव्या, बाकी आडव्यातिडव्या बोटांनी काढलेले सूर जरा झाकलेले येतात आणि जी मायनर, सी मायनरसारख्या पट्ट्यांत तो झाकोळ फार शोभतो. तो हवा असेल तर इटलीच्या झेफिरो मंडळींचं जुन्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग घ्या, तेही तोडीचं आहे. पण बासूनसाठी मी होलिगरवाल्या सेटकडेच येते.

आणि सहाही सलग लावू नका, फार दाट संगीत आहे, फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वाद्य उचलत जातं तिथे, तर कुठला आवाज धरावा कळत नाही, कान थकतात. एका वेळी एकच. पाचव्यापासून सुरुवात करा, मग दुसरा, मग सहावा, आणि प्रत्येक वेळी एकदा तरी वरचे दोन ओबो सोडून फक्त खालच्या ओळीवर लक्ष ठेवून ऐका.