मैदान बंद करायचं, की सरांसमोर उभं करायचं?

कॉलेजच्या संघात कबड्डी खेळणारा मुलगा शिमग्याच्या रात्री पिऊन घरी आला, तर सावंतवाडी काय नि चिपळूण काय, घरात दोन सूर निघतात.

"उद्यापासून मैदान बंद!" हा सहसा बाबांचा. राग समजतो. पण सराव सुटला की संध्याकाळ रिकामी होते आणि शिस्त लावणारे सरही सुटतात. उरतात ते पाजणारे मित्र.

दुसरा सूर असा: रात्री काही बोलू नये. सकाळी शुद्धीवर आल्यावर विचारावं आणि त्यानेच सरांना जाऊन सांगावं. सरांनी सामन्याला बाहेर बसवलं, तर आईबाबांनी रदबदली करू नये. मला हाच मार्ग पटतो, कारण चूक त्याची त्यालाच निस्तरावी लागते. दारूने झोप मोडते, अंगातलं पाणी कमी होतं, चढाईतली चपळाई जाते, हे सरांच्या तोंडून जास्त पटतं. २०१८पासून दारू खेळाडूंना बंदी असलेल्या पदार्थांच्या जागतिक उत्तेजकविरोधी यादीत नाही, म्हणून 'चालतं' असं कुणी म्हणेल. पण महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात.

पिऊन बाइक चालवली असेल, तर मात्र कडकच व्हावं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तेव्हा चावी काढून घ्या, मैदान नको. पुन्हा पुन्हा घडू लागलं, तर डॉक्टरांकडे न्या.