नागावला तो झोपाळा नव्हताच

2025 ची धुळवड शुक्रवारी आली होती, 14 मार्चला. पुढे जोडून शनिवार-रविवार. आम्ही पाच मैत्रिणी, तीन डोंबिवलीच्या, एक ठाण्याची, एक नेरळची. फेब्रुवारीपासूनच आमचं ठरलं होतं की या तीन दिवसांत अलिबागकडे जायचंच. पाचही जणी नोकरीवाल्या. एरवी भेट व्हायची ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर लोकलच्या गर्दीत. मला फाल्गुन फार आवडतो. कर्नाळ्याच्या रस्त्याला पळस आणि काटेसावर फुललेली असते, आंबे मोहरलेले असतात, आणि एप्रिलचा उकाडा अजून अंगावर आलेला नसतो.

कपडेसुद्धा ठरले होते. रंग खेळायला सगळ्यांचे पांढरे चिकनचे कुर्ते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खणाचं काहीतरी. मी दादरहून हळदी रंगाचा खणाचा घेरदार स्कर्ट आणला होता. वर घालायला आईच्या कपाटातलं जुनं काळं खणाचं पोलकं उसवून मापात करून घेतलं होतं. हे सांगायचं कारण असं की आम्हाला ज्याने फसवलं, त्याने आमची हीच हौस नेमकी ओळखली होती.

इन्स्टाग्रामवर एका पेजची जाहिरात दिसली. नागावला बंगला, समुद्र चालत तीन मिनिटांवर. पहिलाच फोटो झोपाळ्याचा. जाड लाकडी पाट, पितळी कड्या, मागे राणी रंगाची बोगनवेल, खाली निळ्या फरशीची पायरी. तो फोटो मी ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत सगळ्यांचं 'हेच, हेच' सुरू झालं. पेजला बावीस हजार फॉलोअर होते. कमेंट बंद ठेवलेल्या होत्या. त्या का बंद असतील, असा प्रश्न तेव्हा एकीलाही पडला नाही.

नंबरवर मेसेज केला तर लगेच फोन आला. स्वच्छ मराठी, वाक्यावाक्याला 'ताई'. पहिल्याच बोलण्यात त्याने विचारलं, "सगळ्या लेडीजच आहात ना ताई? मग बिनधास्त या. माझी आई तिथेच असते, जेवण तीच करते. बाहेरचा माणूस आत येत नाही." मुली मुलीच फिरायला निघाल्या की घरचे पहिल्यांदा काय विचारतात, हे त्याला पाठ होतं. सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी, सगळं सांगून झालं. दोन रात्रींचे अठरा हजार. शिमग्याच्या सुट्टीत हाच दर चोवीस हजार असतो म्हणे. वर, "दुसरी पार्टी थांबून आहे ताई. तुमचा ॲडव्हान्स अकराच्या आत आला तर तारीख तुमच्या नावावर धरतो."

रविवार, 2 मार्च. सगळ्यांचे अठराशे-अठराशे माझ्याकडे जमले आणि रात्री 10:40 ला मी नऊ हजार यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं, एका बाईचं, ज्याचा ना पेजशी संबंध ना त्या माणसाच्या आडनावाशी. मी विचारलं. "वहिनीचं खातं आहे ताई, आमचं जीएसटीचं काम चालू आहे ना." मला पटलं. पटवून घेतलं म्हणणं जास्त खरं. पिन टाकण्याआधी दिसतं ते नाव बँकेत नोंदवलेलं असतं, ते पेजवाल्याला बदलता येत नाही. त्या सगळ्या व्यवहारात खरी गोष्ट तेवढी एकच होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

विश्वास बसावा म्हणून त्याने आधार कार्डाचा फोटो पाठवला, शिक्का मारलेलं शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट पाठवलं. मग 'पोलिसांचा नियम आहे' म्हणून आमची पाचही आधार कार्डं मागवली. आम्ही पाठवली. त्याने आम्हाला पाठवलेलं आधार कार्डही अशाच कुणा आधीच्या माणसाचं असणार, हे नंतर लक्षात आलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. पैसे एकदा जातात. आपलं कार्ड मात्र पुढच्या कुणाला तरी फसवायला वापरलं जातं. आता मी कुठेही द्यायचं झालं तर मास्क्ड आधार देते, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बायोमेट्रिकही लॉक करून ठेवलं आहे. दोन्ही आधारच्या साइटवर फुकट होतं.

8 मार्चला त्याचाच फोन. "ताई, झोपाळ्याला फुलांची सजावट करून देऊ का? फोटो मस्त येतील. बाहेर तीन हजार घेतात, तुमच्यासाठी पंधराशे." दिले. आनंदाने दिले.

बुधवारी, 12 तारखेला रात्री, खरा घाला पडला. डिपॉझिट भरायचं राहिलं आहे, निघताना परत मिळेल, म्हणाला. "पण 4,999 च टाका, पाच हजार टाकले की सिस्टिममध्ये अडकतं." टाकले. दोन मिनिटांत फोन, एंट्री फेल गेली, पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला. ॲपने पिन मागितला. मी टाकला. खात्यातून आणखी 4,999 गेले. "घाबरू नका ताई, अजून एकदा करा, दोन्ही मिळून येतील." तिथे मी थांबले. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच. हे मला माहीत होतं. ऑफिसात मी हे दुसऱ्यांना सांगितलेलं आहे. पण तिकडून तो घाईघाईत बोलत होता, बॅग अर्धी भरलेली होती, आणि उद्याची होळी डोक्यात होती. अशा वेळी माहीत असलेलं वेळेवर आठवत नाही.

एकूण 20,498 रुपये.

त्या रात्री मला कळलं होतं. पोटात खड्डा पडला होता. तरी मी मैत्रिणींना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. आईचा या सहलीला आधीपासून विरोध होता. "पाच पोरी, त्यात होळीचा गोंधळ, कशाला?" दादाने माझी बाजू घेतली होती, आणि मी त्याच्यासमोर ठणकावून सांगितलं होतं की सगळी चौकशी करून बुकिंग केलं आहे. आता काय तोंडाने सांगणार? या एका प्रसंगावरून पुढचं प्रत्येक फिरणं बंद होईल, 'बघ, आम्ही सांगत होतो' हे वाक्य जन्मभर ऐकावं लागेल, अशी भीती. गुरुवारी त्याला फोन केला तर त्याने उचलला, गोड बोलला. "उद्या गेटवर चावी घेऊन उभा राहतो ताई." त्या एका वाक्याला धरून मी गुरुवारचा पूर्ण दिवस काढला.

शुक्रवारी पहाटे सहालाच निघालो, रस्त्यात कुणी गाडीवर रंग फेकायच्या आत. पनवेल, पेण, मग वडखळला नेहमीची गाड्यांची रांग. मागच्या सीटवर गाणी, दंगा. मी खिडकीतून पळस बघत होते आणि दर दहा मिनिटांनी त्याचा नंबर लावत होते. बंद.

लोकेशन नागावच्या एका गल्लीत घेऊन गेलं, दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या. तिथे घर होतं, पण ते कौलारू, बसकं, साधं. ओटीवर एक काकू पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसल्या होत्या. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, सगळ्यांनी तो भाजीवाल्याकडे पाहिला असेल. मी पहिल्यांदाच तो विणताना पाहत होते. सुकलेल्या पातीचे तीन पदर, वेणीसारखे, आणि दर पेडाला एक कांदा आत घेतलेला. त्यांनी हात न थांबवता आमच्याकडे बघितलं, पाच मुली, पाच बॅगा, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "इथं बंगला नाय गं बाय. झोपाळा पण नाय. बसा, पाणी देते."

त्या बाईने आम्हाला एक शब्दही लागेल असा बोलला नाही. पाणी दिलं, हातपाय धुवायला न्हाणीघर दाखवलं. महिनाभर लोक असेच येत आहेत म्हणाल्या. एकदा तर एका कुटुंबाने त्यांनाच चोर ठरवून आरडाओरडा केला होता. त्यांच्या घराच्या लोकेशनचा कुणीतरी असा वापर केला, याचा त्यांना आमच्याइतकाच मनस्ताप होता.

मी ओटीच्या पायरीवर बसून बुधवारचं सगळं सांगितलं. ठाण्याची मैत्रीण मग दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पैसे गेले म्हणून नाही, बुधवारी सांगितलं नाही म्हणून. तिचं बरोबर होतं. त्या दिवशी आक्षीला काकूंच्या ओळखीने दोन खोल्या मिळाल्या. संध्याकाळी वरसोलीच्या किनाऱ्यावर थोडं चाललो. खणाचा स्कर्ट बॅगेतून बाहेर निघाला नाही.

तक्रार मी केली मंगळवारी, 18 तारखेला. सोमवारी रात्री आईने विचारलं, "फोटो दाखव ना गं," आणि मला रडू फुटलं. आई ओरडली नाही. तिने दादाला हाक मारली आणि त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात फोन दिला, 1930 लावून. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं: कुठली बँक, किती वाजता, किती रक्कम, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीत असतो, फोन करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. मग मेसेजवर तक्रारीचा नंबर आला आणि तो घेऊन राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर सगळं सविस्तर भरलं, स्क्रीनशॉटसकट.

बँकेत गेलो तेव्हा मला आशा होती. रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मी वाचून गेले होते, की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. पण ते आपल्या संमतीशिवाय गेलेल्या पैशांसाठी होतं. मी पिन स्वतः टाकला होता.

सायबर पोलिसांकडच्या साहेबांनी मला समजावून सांगितलं की हे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. कुणाचं तरी भाड्याने घेतलेलं खातं, तिथून दुसरं, तिसरं, मग एटीएम. 1930 वर फोन आला की ज्या खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवता येतात. म्हणून जे काही व्हायचं ते पहिल्या काही तासांत. माझ्या चार व्यवहारांपैकी शेवटच्यातले 3,100 रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. ते परत मिळायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता, त्यासाठी अर्ज केला आहे. "बुधवारी रात्रीच फोन केला असतात तर," एवढंच म्हणून ते थांबले.

बुधवार रात्र ते मंगळवार सकाळ. ते पाच-सहा दिवस मी त्या माणसाला फुकट दिले, लाजेपोटी. मला आता ठामपणे वाटतं की मुलींच्या ग्रुपला गाठण्यामागे त्याचा हाच हिशोब असतो. या घरी सांगणार नाहीत, सांगितलं तरी उशिरा सांगतील. मैत्रिणींनो, घरचे रागावतील तर रागावू दे, पण आधी 1930. आणि घरच्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलगी असं काही सांगायला आली तर 'तरी सांगत होतो' हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका.

बुकिंगच्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते आता करते. फोटो गुगल लेन्समध्ये टाकते. हा झोपाळा टाकला तेव्हा दोन मिनिटांत कळलं की तो दक्षिण गोव्यातल्या एका जुन्या घराचा आहे. इन्स्टाग्रामवर पेजच्या नावाला हात लावून 'या अकाउंटबद्दल' उघडलं की ते कधी सुरू झालं आणि नाव किती वेळा बदललं ते दिसतं. आमच्यावालं आधी कपड्यांचं दुकान होतं. आणि पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल करायला सांगते, गेटपासून समुद्रापर्यंत चालत दाखवा म्हणून. मी त्याला एकदा म्हटलं होतं, तो म्हणाला आत पाहुणे आहेत, नेटवर्क नाही. खरे घरवाले वैतागत नाहीत, उलट कौतुकाने विहीर, गोठा, मांजर सगळं दाखवतात. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंद असेल तर प्रमाणपत्रही दाखवतात.

ते पेज आता बंद झालं आहे. पण परवा नेरळच्या मैत्रिणीने एक लिंक पाठवली, वेगळं नाव, वेगळा नंबर, या वेळी दिवेआगर. झोपाळा तोच. नीट बघा, डाव्या बाजूची वरून तिसरी कडी पितळी नाही, काळी लोखंडी आहे, आणि निळ्या पायरीचा उजवा कोपरा फुटलेला आहे. आम्ही रिपोर्ट केलं आहे, अजून ते चालू आहे.