फासे टाकायचे, ठरलेले आकडे घ्यायचे की पॉइंट बाय करायचं?

ठाणे-नवी मुंबईत डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा खेळ, खेळायला चार-पाच जण मिळतात. ते सगळे एकाच रविवारी एका घरात येणं हे खरं काम. कुणी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटणार, कुणी नेरुळहून निघणार आणि नेमका त्याच दिवशी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक. त्यामुळे कॅरेक्टरचे, म्हणजे प्रत्येकाच्या पात्राचे, आकडे कसे काढायचे हे ठरवताना मी आधी घड्याळ बघतो, मग गणित.

गणित तसं छोटं आहे. पाचव्या आवृत्तीत स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विजडम आणि करिष्मा असे सहा आकडे असतात. 10-11 ला मॉडिफायर (फाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायचा आकडा) शून्य, 12-13 ला +1, 14-15 ला +2, असं पुढे. 20 बाजूंच्या फाशावर +1 म्हणजे यशाची शक्यता 5 टक्क्यांनी जास्त. वीस वेळा फासा टाकला तर एखाद्या वेळी फरक पडणार. 'बिल्ड'वरून (पात्राच्या आखणीवरून) रात्री दोनपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पद्धती तीन. सगळ्यात मजेची म्हणजे फासे: सहा बाजूंचे चार टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची, असं सहा वेळा. सरासरी 12 च्या किंचित वर येते. सहा आकड्यांची बेरीज सरासरी 73.5 च्या आसपास, आणि ठरलेल्या आकड्यांची बेरीज 72. म्हणजे जोखीम घेऊन सरासरी दीड गुण हाती लागतो. खरी गोम सरासरीत नाही, विषमतेत आहे. एका खेळाडूला निदान एक 18 पडण्याची शक्यता 9 टक्क्यांच्या वर आहे. चौघांच्या टेबलावर तो कुणाला तरी पडण्याची शक्यता जवळपास एक-तृतीयांश. मग एकाचा फायटर (लढवय्या) 18, 16, 15 घेऊन बसतो, शेजारच्याचा सगळ्यात मोठा आकडा 13, आणि पुढचे कित्येक महिने दोघं एकाच मारामारीत. वन-शॉटमध्ये, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या खेळात, ते हसण्यावारी जातं; महिनोन्महिने चालणाऱ्या लांब कॅम्पेनमध्ये खुपतं. शिवाय फासे सगळ्यांसमोर टाकावे लागतात. सोफ्याखाली गेलेला फासा धरायचा का, पुस्तकाला टेकून तिरका राहिलेला पुन्हा टाकायचा का, 'हा सेट फारच वाईट आहे रे, अजून एक चान्स दे ना' यात चहा गार होतो आणि तासभर जातो.

1974 साली हा खेळ आला तेव्हा प्रत्येक आकड्यासाठी तीनच फासे टाकायचे, आणि जे पडेल ते ओळीने लिहायचं. तेव्हाची कॅरेक्टरं पटापट मरायची, नवा कागद भरायला वेळ लागायचा नाही, म्हणून ते चालून जायचं. आज आपण पात्राला गाव, आई-वडील, जुनं वैर असं सगळं देतो. त्याला पहिल्याच दिवशी पडलेलं वाईट दान जन्मभर पुरतं.

ठरलेले आकडे म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅरे: 15, 14, 13, 12, 10, 8. हवे तिथे लावा, संपलं. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या होणारं काम. 2024 च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकात तर कुठल्या क्लासला (पात्राच्या पेशाला: लढवय्या फायटर, जादूगार विजर्ड वगैरे) कुठला आकडा कुठे लावावा याचा तक्ताच दिलाय. नवख्यांच्या ग्रुपला मी डोळे मिटून हेच सांगेन.

पॉइंट बाय म्हणजे ठरलेल्या पैशांत केलेला बाजार. 27 गुण असतात. 8 फुकट, 13 पर्यंत प्रत्येक पायरीला एक, त्यापुढे दोन. म्हणजे 14 ला 7 गुण आणि 15 ला 9. स्टँडर्ड अ‍ॅरेची किंमतही बरोबर 27 भरते, तेव्हा इथे जास्तीची ताकद मिळत नाही, फक्त मोकळीक मिळते. ती कशी वापरायची? 15 चा मॉडिफायर 14 इतकाच. बॅकग्राउंडचा (पात्राच्या पूर्वायुष्याचा) +1 लावून 16 करणार असाल तरच ते दोन गुण खर्चा. +2 लावून 17 केलंत, तर चौथ्या लेव्हलला एक वाढवणारं फीट (खास कौशल्य) घेऊन थेट 18. विषम आकडे एरवी बहुतेकदा वायाच, मोठा अपवाद 13 चा: दुसरा क्लास जोडायचा असेल तर तो लागतो.

आणि तीन 15, तीन 8? 27 मध्ये बसतं, कागदावर देखणं दिसतं. पण 8 कुठे ठेवताय ते बघा. विजर्डने स्ट्रेंग्थला ठेवला तर फारसं बिघडत नाही. फायटरने विजडमला ठेवला, तर समोरच्या जादूगाराच्या पहिल्याच मोहिनीत तो तलवार घेऊन आपल्याच मित्रांवर उलटण्याची भीती. कॉन्स्टिट्यूशनला 8 ठेवू नकाच, कुठलाही क्लास असो. आधीच मोजके असलेले हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) घटतात, आणि मार बसला की चालू मंत्रावरचं कॉन्सन्ट्रेशन (लक्ष) तुटायची शक्यता वाढते.

थोडक्यात माझा कौल असा. एका दुपारचा खेळ असेल किंवा निम्मे जण पहिल्यांदाच येत असतील, तर स्टँडर्ड अ‍ॅरे. पुढे वर्षभर भेटायचा बेत असेल आणि मंडळी नियम वाचणारी असतील, तर पॉइंट बाय. अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या डी अँड डीच्या अधिकृत सार्वजनिक खेळांमध्येही याच दोन पद्धती चालतात, फासे नाहीत.

कुणाला फाशांशिवाय करमतच नसेल, तर एक तोडगा: सगळ्यांनी मिळून एकच सहा आकड्यांचा सेट काढायचा, प्रत्येकाने एक-दोन दानं टाकायची आणि तोच सेट सगळ्यांनी वापरायचा. दान चांगलं पडलं तर सगळ्यांचं, वाईट पडलं तरी सगळ्यांचं. फक्त सेट फारच पडेल निघाला तर पुन्हा टाकायचा की नाही, हे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पहिला फासा पडायच्या आधी ग्रुपवर लिहून टाकावं.