चिंगी की भैरू? पिल्लू आणायचं की मोठं कुत्रं

परवा रात्री भाच्याने दोन फोटो पाठवले. पहिल्यात अडीच महिन्यांची तपकिरी चिंगी, कुर्ल्याला उभ्या टेम्पोखाली भावंडांसोबत सापडलेली. दुसऱ्यात चार वर्षांचा काळा-पांढरा भैरू. त्याला शिवडीजवळ गाडीची धडक बसली होती. मागचा पाय मोडला, आता जुळलाय, आणि गेले तीन महिने तो एका मुलीच्या घरी फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता राहायला आहे. फोटोंखाली एकच ओळ होती : "मावशी, यातलं कुठलं आणू?"

भांडुपच्या माझ्या घरात अकरा वर्षांत चाळीसेक कुत्री राहून पुढे आपापल्या घरी गेली. त्यात पिल्लंही होती, मोठीही. त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर येतो, आणि कुणाचं घर कसं आहे हे कळल्याशिवाय मी उत्तर देत नाही. हे घर मात्र माझ्या ओळखीचं. मुलुंडला पाचवा मजला, हॉल आणि दोन बेडरूम. नवराबायको दोघंही सकाळी साडेआठची लोकल पकडतात आणि सात वाजता परततात. दिवसभर घरी माझी ताई, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखतात. या घरासाठी माझं मत भैरूकडे झुकतं. ते का, आणि कुठलं घर असतं तर मी चिंगी म्हणाले असते, ते सांगते.

आधी दिवसाचे तास मोजा

पिल्लाला शू किती वेळ धरवते याचा ढोबळ हिशेब असा : जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तेवढे तास. म्हणजे चिंगीला जेमतेम साडेतीन तास, तेही झोपेत. जागेपणी पाणी प्यायलं की शू, झोपून उठलं की शू, खेळून झालं की शू. दिवसाला दहा-बारा वेळा तिला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, झाल्या झाल्या शाबासकी द्यायची, आणि चुकलं तर न ओरडता पुसायचं. माझं पहिलं पिल्लू रात्री अडीचला गॅसच्या टाकीमागे जाऊन रडायचं. मी उठून त्याला बाथरूममध्ये नेईपर्यंत वाटेतच काम झालेलं असायचं. महिनाभर एक रात्र सलग झोप नव्हती. मी तेव्हा चाळिशीत होते आणि दिवसभर घरी होते.

"आई घरी असते ना दिवसभर," असं भाचा म्हणाला. असते, पण पावसाळ्यात लादी आधीच ओलसर असते. त्यावर वाकून दिवसाला दहा वेळा फडकं मारणं ताईच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि ओल्या लादीवरून ती घसरली तर केवढ्याला पडेल याचा विचार करा.

भैरू दिवसातून तीन वेळा खाली जातो. रस्त्यावर वाढलेली बहुतेक कुत्री झोपायची जागा स्वच्छ ठेवतात, त्यामुळे शी-शूची शिस्त त्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत लागते. उलट सुरुवातीला ती घाबरून फार वेळ धरून ठेवतात. पहिल्या दिवशी दहा-बारा तास काहीच केलं नाही तरी धीर धरा. चोवीस तास उलटले तर मात्र डॉक्टरांना फोन करा.

मोठ्या कुत्र्याचं वजन जास्त, ते ताईला ओढून पाडेल, ही भाच्याच्या बायकोची शंका रास्त आहे. भैरू अठरा किलोचा आहे. पण चिंगीही आठ-दहा महिन्यांत पंधराच्या पुढे जाईल, आणि त्या वयात तिचा जोर जास्त असेल, समज कमी. पिल्लं परत येतात ती बहुधा याच वयात, सहा महिने ते दीड वर्ष या काळात, जेव्हा गोंडसपणा ओसरलेला असतो आणि सोफा कुरतडलेला असतो. दोघांपैकी कुणालाही आणा, पट्टा हातात धरायचं काम भाच्याचं आणि त्याच्या बायकोचं. सकाळी सहाला एकाने, रात्री दुसऱ्याने. दुपारच्या फेरीसाठी माणूस लावायचा तर ते आधी ठरवा.

लस आणि दुखणी

चिंगीचा पहिला डोस झालाय. एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांची होईपर्यंत, आणि रेबीजची तिसरा महिना पूर्ण झाल्यावर. शिवाय जंताचं औषध, आणि पुढे नसबंदी. लसी पूर्ण होईपर्यंत तिला इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा संसर्गजन्य आजार. मी एक पिल्लू पार्वोत गमावलंय. सकाळी चप्पल पळवत होतं, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी रक्ताची शी, चौथ्या दिवशी ते माझ्या मांडीवर गेलं. म्हणून चिंगीची भावंडं कशी आहेत, त्यातलं कुणी आजारी पडलं का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि तुमच्या घरात गेल्या वर्षभरात पार्वोचं कुत्रं राहून गेलं असेल तर लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नका. तो विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो.

यात एक पेच आहे. पिल्लू जग ओळखायला शिकतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. माणसं, रिक्षा, लिफ्ट, ढोल, लहान मुलं, सगळं याच काळात ओळखीचं व्हायला हवं, आणि नेमकं तेव्हाच त्याला जमिनीवर ठेवता येत नाही. चिंगीचे त्यातले तीन-चार आठवडेच उरलेत. तिला कडेवर घेऊन रोज बाहेर काढायचं, बाजाराच्या कडेला उभं राहायचं, लिफ्टमधून चार वेळा वर-खाली करायचं. हे करायला घरात वेळ असलेला, धडधाकट माणूस लागतो.

दुधाचे दात सुईसारखे असतात आणि पिल्लू खेळताना हमखास चावतं. रक्त आलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका.

भैरूच्या कानाला खाच आहे. म्हणजे नसबंदी झालेली. रेबीजची लस झाली आहे, कागद आहे. पुढे दर वर्षी तिचा डोस. मी त्याच्यासाठी रक्ताची तपासणी मागून घेतली असती, कारण पावसाळ्यात मुंबईत गोचिडी फार आणि गोचीड-ताप अंगात दबून असू शकतो. त्याचा जुळलेला पाय दमट हवेत आखडू शकतो. लिफ्ट बंद पडली तर पाच मजले त्याला सावकाश चढू द्यावे लागतील. पायाचे एक्स-रे फॉस्टरकडून मागून ठेवा. परळच्या बैलघोड्यात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे ते दाखवता येतील. लेप्टोची लस मात्र दोघांनाही हवीच. लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा ताप. २००५च्या पुरानंतर लेप्टोने मुंबईत माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. साचलेल्या पाण्यातून चालवू नका, घरी आलं की पाय पुसा.

स्वभाव

माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक इथे आहे. चिंगी मोठी होऊन कशी निघेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. आईला कुणी पाहिलेलं नाही. ती प्रेमळ निघेल, कदाचित भित्रीही निघेल. संस्कार तुमच्या हातात असतात, पण सगळंच तुमच्या हातात नसतं.

भैरू कसा आहे हे त्याच्यासोबत तीन महिने राहिलेली मुलगी सांगू शकते. तिला नेमकं विचारा. कुकरच्या शिट्टीला काय करतो? बेल वाजल्यावर? जेवताना भांड्याजवळ कुणी गेलं तर? घरात एकटा किती तास राहिलाय? एकटा असतानाचा व्हिडिओ आहे का? भाच्याने विचारलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. भैरू चार तास एकटा शांत झोपतो. आणि तो मिटलेल्या छत्रीला घाबरतो. कुणीतरी काठीने मारलं असणार. आता दिवस पावसाचे, प्रत्येकाच्या हातात छत्री. पण ही भीती आपल्याला आधी कळली आहे. पहिला महिना घरातल्यांनी रेनकोट वापरायचे, मग छत्री जमिनीवर ठेवून तिच्याशेजारी खाऊ टाकायचा. अशा माहीत असलेल्या भीतीवर काम करता येतं.

मोठं कुत्रं माणसाला जीव लावत नाही, असं लोक म्हणतात. माझ्याकडे एकदा सहा वर्षांची कुत्री आली. चार दिवस ती बाथरूमच्या दारामागे बसून होती. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे, मेथी निवडायचे आणि न बघता उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा मागे सरकवायचे. तुकडा तसाच पडून राहायचा. पाचव्या रात्री अंधारात भांड्यातलं पाणी लपलप पिण्याचा आवाज आला. मी हलले नाही. थोड्या वेळाने माझ्या पाठीला ओलं नाक लागलं.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

रेस्क्यूवाल्यांचा हा ठोकताळा आहे, आणि तो मोठ्या कुत्र्यांना जास्त लागू पडतो. तीन दिवस गोंधळात जातात. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं. तीन महिन्यांनी कुत्रं घराला आपलं म्हणतं. म्हणून मी तारीख पंचांग बघून काढते. दिव्यांची अमावास्या झाल्यावर श्रावणाच्या सुरुवातीला आणलं तर गणपतीच्या ढोल-ताशांपर्यंत महिना मिळतो आणि दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत तीन. ऐन दिवाळीच्या आठवड्यात नवं कुत्रं कधीही घरी आणू नका.

पहिल्या महिन्यात मोठ्या कुत्र्याचा एकच खरा धोका, पळून जाण्याचा. एक फटाका, एक उघडं दार, आणि ते अनोळखी रस्त्यांवर कुठच्या कुठे जातं. पिल्लाच्या बाबतीत ही धास्ती फार कमी, हे मान्य करायला हवं. भैरूला पहिल्या तासापासून गळ्यात मोबाइल नंबर, अंगात हार्नेस आणि दोन पट्टे, एक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला. सेफ्टी डोअर लावल्याशिवाय मुख्य दार उघडायचं नाही. कुरिअरवाला आला तरी नाही. गल्लीतली कुत्री नव्या मोठ्या कुत्र्यावर भुंकतात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या पहाटे आणि रात्री उशिरा, आणि गल्लीत खायला घालणारी जी बाई असेल तिला सोबत घ्या. चिंगीला ती कुत्री पुष्कळदा हुंगून सोडून देतील.

खाण्याचं दोघांचं जवळपास सारखंच. कांदा-लसूण घातलेलं काही नाही, चॉकलेट नाही, आणि शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नाहीत. ताईच्या घरी श्रावणात सामिष शिजत नाही. मग कुत्र्याला महिनाभर दूध-पोळीवर ठेवायचं का? तसं करू नका. तयार डॉगफूड आणा, आणि सुरुवातीचे दिवस फॉस्टरकडे जे खात होतं तेच द्या.

सोसायटीबद्दल थोडक्यात. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरीही भांडायला जाण्याआधी शेजाऱ्यांशी बोला आणि पालिकेचा परवाना काढून ठेवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचा होकार लेखी घ्या. पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडणं प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा "नाही जमलं तर" याचं उत्तर आजच फॉस्टरशी ठरवा.

गेटवरचा वॉचमनचा लाडका कुत्रा घरात घेतला तर, असंही भाच्याने विचारलं. त्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक, हे खरं. पण त्याची माणसं, त्याची जागा खाली आहे. पावसाच्या रात्री दार उघडं ठेवून बोलावून बघा. आपणहून येऊन झोपला आणि सकाळी खाली जायची घाई केली नाही, तर पुढचं बोलू.

चिंगीसाठी मी माझ्या चाळीतल्या एका एकत्र कुटुंबाला विचारलंय. तिथे दोन सुना आलटून पालटून घरी असतात आणि कॉलेजातला मुलगा दुपारी येतो. पिल्लांना घर लवकर मिळतं, भैरूच्या वयाच्या कुत्र्यांना वाट पाहावी लागते, हे मी अकरा वर्षं बघते आहे.

भाच्याने भैरूला आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून न्यायचं ठरवलंय. अमावास्येनंतरचा शनिवार. रिक्षात एकाने पट्टे धरायचे, दुसऱ्याने काही बोलायचं नाही. ताईने हॉलच्या कोपऱ्यातली शिवणाची मशीन हलवून जागा केली आहे. भैरू ज्या गोधडीवर झोपतो ती गोधडी त्याच्याबरोबर येणार आहे, आणि ती धुऊ नकोस, असं मी ताईला दोनदा सांगितलंय.