घटक तपासणारं ॲप : सहा महिने वापरल्यावर (५ पैकी ३ तारे)

मुलीच्या हातांवर सारखे चट्टे उठत होते, म्हणून हे ॲप घेतलं. बाटलीवरचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरला की घटकांची यादी येते आणि प्रत्येक नावापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. चालतं झटपट. तिच्या लोशनमधल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हपुढे (लोशन खराब होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) लाल ठिपका आला, तेव्हा हे नाव मी पहिल्यांदा वाचलं. बाटली त्याच दिवशी टाकून दिली. दोन-तीन आठवड्यांत चट्टे ओसरले. यासाठी ॲप बनवणाऱ्यांचे मनापासून आभार.

पण पुढे वाचलं ते जिवाला लागलं. अंगावर लावून तशाच ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये हे प्रिझर्व्हेटिव्ह घालायला युरोपात २०१७ पासून बंदी आहे. म्हणजे मी फोन हातात घेऊन जे काम केलं, ते तिथे एका नियमाने सगळ्यांच्याच मुलांसाठी करून टाकलं. ज्या आईला ही बारीक अक्षरं वाचायला वेळ नाही, तिच्याही मुलासाठी.

ॲपला दिसतं ते फक्त लेबल. ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड डझनावारी रसायनं असू शकतात. तिथे हे बिचारं करडा ठिपका दाखवून थांबतं. सगळी नावं छापायला कायद्याने लावलं, तरच ती याला वाचता येतील.

आणि दुकानातून मिळणारी ती गुळगुळीत पावती? नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. अशा कागदाच्या लेपात बिस्फेनॉल, म्हणजे शरीरातल्या हॉर्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करू शकणारं रसायन, असू शकतं आणि ते बोटांना लागतं. त्यावर घटकांची यादीच नसते, मग स्कॅन काय करणार? युरोपने जानेवारी २०२० पासून अशा कागदात बिस्फेनॉल ए ०.०२ टक्क्यांच्या आत आणायला लावलं, तर पुष्कळांनी त्याच्याच भावंडाला, बिस्फेनॉल एसला, जवळ केलं. एकेक नाव धरून बंदी घालण्यापेक्षा अख्खं कुटुंबच एकदम तपासायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पेट्रोलमधलं शिसं आठवा. ते काढायला लावलं आणि १९७६ ते १९९१ या काळात अमेरिकेतल्या लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं. त्यासाठी कुणाला हवा स्कॅन करावी लागली नाही.

बनवणाऱ्यांना एकच विनंती : लाल ठिपक्याशेजारी ‘दुसरं उत्पादन सुचवा’ असं बटण आहे, तिथेच ‘नियामकाकडे तक्रार करा’ हेही द्या. ते आलं की चौथा तारा देईन.

ॲप मी काढून टाकणार नाही. काल साबण घेताना मुलीनेच फोन मागितला, स्कॅन करायला. ती सात वर्षांची आहे.